इथली सोडून तिकडे कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत): वय ३४. जिल्हा रुग्णालयात कायमस्वरूपी अधिपरिचारिका. बरीच वर्षं बालरुग्ण विभाग आणि पोषण पुनर्वसन केंद्रात काम. पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगा सात वर्षांचा, सासूबाई सोबत राहतात. एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेकडे अर्ज केला होता, निवड झाली. दक्षिण सुदानमधल्या रुग्णालयात नऊ महिने जायचं आहे, उत्तर पंधरा दिवसांत कळवायचं आहे. पती म्हणतात, जा. सासूबाई म्हणतात, "मेळघाटात पोरं मरत नाहीत का? इथली सोडून तिकडे कशाला?" मैत्रीण सुचवते की सासूबाईंना आणि मुलाला दिल्लीत ट्रेनिंग आहे असं सांगून निघ. नोंदवह्या, अहवाल आणि इन्चार्ज सिस्टरची बोलणी यांचा वीट आला आहे. खरी सेवा तिकडेच घडेल असं वाटतं. लहानपणापासून डॉ. कोटणीसांची गोष्ट मनात आहे. जाऊ का?

उत्तर:

सासूबाईंचं बोलणं तुम्हाला टोमणा वाटलं, हे पत्राच्या सुरावरून कळतं. मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात तोच सरळ प्रश्न दिसला. तो टाळून विमानात बसलात तर तो तुमच्याबरोबर तिकडे येईल. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करू.

"इथलं" आणि "तिकडचं" हे दोन वेगळे हिशेब आहेत, असं आपण धरून चालतो. तुमच्याच वॉर्डात बघा. जुलाबाचं मूल आलं की तुम्ही पहिल्यांदा ओआरएसचं पाकीट उघडता. ते मिश्रण इतकं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा सिद्ध झालं ते निर्वासितांच्या छावणीत. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलऱ्याची साथ आली, माणसं जमिनीवर पडलेली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजत राहायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसला काही डॉक्टर आणि पत्रकारांनी मिळून 'मेडसाँ साँ फ्राँतिए', म्हणजे आपण जिला एमएसएफ किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स म्हणतो, ती संस्था काढली. त्यातले काहीजण नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात काम करून आले होते. तुम्ही बाळाच्या दंडाला जी रंगीत पट्टी लावता, तीच दक्षिण सुदानच्या राजधानीच्या, जुबाच्या, पुढच्या एखाद्या गावात लावली जाते. तिकडेही साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. तीव्र कुपोषित मुलांना सुरुवातीला देतात त्या एफ-७५ दुधाचे नियमही तेच. तुम्ही इथे शिकलेलं तिकडे चालेल आणि तिकडे शिकाल ते परत आल्यावर इथे कामी येईल.

पण एवढ्यावर सासूबाईंना गप्प करू नका. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. तुम्ही रजेवर गेलात की तुमचं पद कागदावर भरलेलं राहील आणि वॉर्डात रिकामं. बदली माणूस मिळेलच असं कोणताही जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे रुग्णालयाचा प्रमुख, छातीठोकपणे सांगणार नाही. नऊ महिने तुमच्या पाळ्या ज्या दोघी-तिघी ओढतील, त्यांचीही मुलं लहान असतील. म्हणून "इथे काय, कोणीही सांभाळेल" हे वाक्य तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. जाण्याचा निर्णय त्या वाक्यावर उभा राहू नये.

आता "खरी सेवा". तुमच्या पत्राची तीन पानं आहेत आणि त्यातली जवळजवळ दोन नोंदवह्या आणि इन्चार्ज यांच्यावर खर्ची पडली आहेत. दक्षिण सुदानला उरलेलं एक पान आलं. हे प्रमाण मला थोडं खटकलं.

तिकडे नेमकं काय काम असतं ते आधी बघू. एमएसएफसारख्या संस्थेत काम करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक त्या त्या देशातलेच असतात. मुलाच्या हातात शीर शोधणारी, रात्री दर तासाला नाकातल्या नळीतून दूध देणारी, नुएर किंवा डिंका भाषेत आईला धीर देणारी नर्स तिथलीच असते. तुमच्या आधीपासून ती तिथे आहे आणि तुम्ही परतल्यावरही राहणार आहे. बाहेरून गेलेल्या नर्सकडे बहुतेक वेळा देखरेख आणि शिकवणं येतं. पाळ्या लावायच्या, औषधांचा खप मोजायचा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची गाळणी साफ झाली का ते बघायचं, दर आठवड्याला किती दाखल झाले, किती बरे झाले, किती दगावले याचे आकडे वर पाठवायचे. पावसाळ्यात हिवतापाचा जोर वाढला की एका खाटेवर दोन मुलं येतात. त्या दिवसांतही आकडे वेळेवर द्यावेच लागतात, कारण पुढचा औषधांचा साठा त्यावरच मागवायचा असतो आणि रस्ते पाण्याखाली गेलेले असतात. थोडक्यात, ज्या इन्चार्ज सिस्टरला तुम्ही कंटाळलात, ती तिकडे तुम्ही असणार. नोंदवहीसकट.

हे वाचून हसू आलं तर चांगली खूण समजा. घाबरायला झालं तर थोडं थांबा. कारण खरं कौशल्य इथेच लागतं. समोरची नर्स स्वतः दोनदा घर सोडून पळालेली असू शकते. तिचं माणूस अजून एखाद्या छावणीत असेल. तुम्ही कालच उतरलात, तुमच्या परतीची तारीख ठरलेली आहे, आणि तिला हात कसे धुवायचे ते तुम्ही सांगणार! हे न दुखावता सांगता येतं का? नव्या एएनएम मुलींना शिकवताना तुम्हाला आनंद होतो, की "मीच करून टाकते" असं होतं? हा प्रश्न गेल्या महिनाभरातल्या तुमच्या स्वतःच्या पाळ्या आठवून सोडवा. मुलाखतीत दिलेलं उत्तर इथे उपयोगाचं नाही.

आणि वीट फक्त त्या एका वॉर्डाचा आला असेल, तर वॉर्ड बदलून मागा. त्यासाठी नाईल ओलांडायची गरज नाही.

असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. भूकंप किंवा युद्धाची दृश्यं टीव्हीवर आली की "मला लगेच जायचंय, कोणाला भेटू" अशी पत्रं येतात, बरीचशी विद्यार्थ्यांची. त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातून मदतपथकं धावली. काही उत्तम होती, काही नुसती उत्साही. कुठे शस्त्रक्रियेची नोंद ठेवलेली नव्हती, कुठे पाय कापल्यानंतर पुढची मलमपट्टी कोणी करायची हे ठरलेलं नव्हतं. या अनुभवातूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांची प्रतवारी आणि किमान निकष आखले. पथकानं स्वतःचं पाणी, वीज, राहण्याची सोय घेऊन यावं, यजमान देशावर बोजा टाकू नये, हे त्यात मूलभूत. त्याच हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा पसरला. त्याचा माग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरच्या सांडपाण्यापर्यंत गेला. आठ लाखांहून जास्त लोकांना लागण झाली, दहा हजारांच्या आसपास दगावले. मदतीला आलेल्यांच्याच संडासातून. त्यामुळे एकट्यानं पिशवी उचलून निघू नका. आणि डॉक्टर-नर्स नसलात तरी निराश होऊ नका. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास हा मान्य हिशेब आहे. तो जमवणारा प्लंबर आणि इंजिनिअर अनेकदा डॉक्टरपेक्षा जास्त जीव वाचवतो. या संस्था अशा माणसांनाही घेतात.

परत तुमच्याकडे येते. धोक्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: "रुग्णालयाला कोणी हात लावत नाही म्हणे." हे कोणी सांगितलं माहीत नाही, पण पतींना हे वाक्य ऐकवू नका. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानात कुंदूझच्या एमएसएफ रुग्णालयावर अमेरिकी विमानानं हल्ला केला. ४२ माणसं गेली. २४ रुग्ण, १४ कर्मचारी, ४ रुग्णांसोबत आलेले. रुग्णालय नेमकं कुठे आहे ते लढणाऱ्या सगळ्या बाजूंना आधीच कळवलेलं होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं रुग्णालयांच्या संरक्षणासाठी २२८६ क्रमांकाचा ठराव एकमतानं केला. त्याला नऊ वर्षं होत असताना, ३ मे २०२५ ला, तुम्ही जाणार त्याच देशात ओल्ड फांगाकच्या रुग्णालयावर बॉम्ब पडला आणि औषधांचं कोठार जळून गेलं. तिथे किमान सात जण गेले. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, ही संयुक्त राष्ट्रांनी दिलेली संख्या आहे, आणि त्यातले बहुसंख्य स्थानिक होते.

तो शेवटचा मुद्दा नीट वाचा. तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला परिस्थिती बिघडली की बहुतेक वेळा आधी विमानात बसवतात. मागे राहते ती तुमच्याबरोबर रात्रपाळी केलेली नर्स. परतलेल्या लोकांशी बोलताना मला गोळीबाराच्या आठवणी कमी ऐकू येतात आणि हे मागे सोडून येणं जास्त. त्याची तयारी कुठल्या प्रशिक्षणात पूर्ण होत नाही. पण असं घडू शकतं हे आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून होकार कळवण्याआधी संस्थेला काही प्रश्न लेखी विचारा. त्या रुग्णालयाजवळ शेवटची सुरक्षेची घटना कधी आणि काय झाली? बाहेर काढण्याचा निर्णय कोण घेतं? मला मध्येच परत यावंसं वाटलं तर येता येईल का आणि त्याची काही शिक्षा आहे का? अपहरण झालं तर घरी कोण फोन करेल, कोणत्या भाषेत? विमा युद्धातल्या मृत्यूला आणि अपंगत्वाला लागू आहे का? परत आल्यावर मानसोपचारतज्ज्ञाची सोय किती दिवस? चांगली संस्था या प्रश्नांनी नाराज होत नाही. उलट ते विचारलेत म्हणून तुमची किंमत वाढते. आणि वाचकांनो, ज्या संस्थेच्या नावानं आलेला ईमेल व्हिसासाठी किंवा नोंदणीसाठी पैसे मागतो, तो ईमेल त्या संस्थेचा नसतो.

दिल्लीच्या ट्रेनिंगबद्दल. नाही. इथे मी तुम्हाला पर्याय देत नाही.

सोयीचं बघितलं तरी ते टिकणार नाही. दक्षिण सुदानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तुमचा मुलगा रात्री नऊला झोपायच्या आधी व्हिडिओ कॉल करेल तेव्हा तुमच्या मागे अजून दिवसाचा उजेड असेल. सात वर्षांचं पोर एवढं बघतं. नेट गेलं की चार-चार दिवस फोन लागणार नाही. दिल्लीत असं होतं का? पण खरी अडचण त्यापुढची आहे. तिकडे काही बरंवाईट झालंच, तर तुमच्या पतींना एका संध्याकाळी आईला दोन गोष्टी सांगाव्या लागतील, तुमची बातमी आणि तुम्ही दोघांनी मिळून बोललेलं खोटं. जो माणूस तुम्हाला "जा" म्हणतो, त्याच्या डोक्यावर हे ठेवून जाऊ नका.

मुलाला नकाशा दाखवा. आई कुठे जाणार, तिथली मुलं कशानं आजारी पडतात, आई कधी येणार. भिंतीवर कालनिर्णय आहेच, त्यावर परतीचा महिना त्यालाच खूण करू दे. तारीख मात्र पक्की सांगू नका, या कामात तारखा मागेपुढे होतात आणि मुलं शब्द धरून बसतात. "आई असून मूल टाकून गेली" असं नात्यात बोललं जाईल. तुमचा नवरा वर्षभर इलेक्शन ड्युटी, जनगणना आणि प्रशिक्षणांसाठी बाहेर गेला असता तर कोणी काही बोललं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ते बोलणं बंद करता येणार नाही. ते तुमच्या मुलाच्या कानावर पडेल तेव्हा घरात त्याला उत्तर देणारं माणूस असावं, आणि ते माणूस दिवसभर घरात असणाऱ्या सासूबाईच होऊ शकतात. म्हणूनही त्यांच्याशी खोटं नको.

डॉ. कोटणीसांचं तुम्ही लिहिलंत, म्हणून त्याबद्दलही थोडं. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. आपण गोष्ट सांगतो ती त्यांच्या जाण्याची आणि तिकडच्या कामाची. ते तिकडे असताना इकडे वडील वारले आणि ते परतले नाहीत, हा भाग आपण भराभर उरकतो. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेव्हा वय ३२ होतं, मागे चिनी पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा. मोठा माणूस, यात वाद नाही. पण ते तिकडेच राहिले, तुमच्या करारावर मात्र शेवटची तारीख आहे. ती असणं हा कमीपणा समजू नका. थकलेली, आजारी, घरच्या काळजीनं पोखरलेली नर्स औषधाच्या मात्रेत चूक करते. म्हणूनच आजच्या संस्था मधली विश्रांतीची रजा सक्तीनं घ्यायला लावतात.

कागदपत्रांकडे तुम्ही पत्रात दुर्लक्ष केलं आहे आणि सरकारी नोकरीत माणसं तिथेच अडकतात. तुम्हाला बहुधा असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी रजा मागावी लागेल. रजेच्या काळात दुसरीकडे मानधनावर काम करायला शासनाची पूर्वपरवानगी लागते, ती वेगळी मागा. रजेच्या अर्जात कामाचं स्वरूप उघड लिहा. "कौटुंबिक कारण" लिहून परदेशात पगार घेतल्याचं नंतर उघड झालं तर विभागीय चौकशी तुमची होईल, सल्ला देणाऱ्या मैत्रिणीची नाही. साहेबांनी तोंडी "जाऊन या सिस्टर, चांगलं काम आहे" म्हटलं तर आभार माना आणि लेखी आदेश मागा. परदेश प्रवासाची परवानगी, सेवाज्येष्ठता, वेतनवाढीची तारीख, निवृत्तिवेतनासाठी हा काळ धरला जाणार की नाही, हे आस्थापनेतल्या लिपिकाकडून समजून घ्या. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर पगार थांबल्यावर तो कोण भरणार? तिकडे मानधन मिळतं, राहणं, प्रवास, विमा संस्थेचा असतो. पण ते आखाती देशातल्या नर्सच्या पगारासारखं नसतं, त्यावर घराच्या कर्जाचं गणित मांडू नका. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं प्रमाणपत्र जपून ठेवा. ते नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावर तुम्हालाच विलगीकरणात ठेवतील.

माझा कल विचाराल तर असा आहे. लेखी रजा मिळाली, घरात खरं सांगून झालं आणि इन्चार्ज होण्याच्या कल्पनेनं तुम्हाला उमेद वाटली, तर जा. यातलं एखादं जमत नसेल तर या वेळी नाही म्हणा. या संस्थांत पहिल्यांदा जाणाऱ्या नर्सला सहसा सहा महिने ते वर्षभराचं काम देतात. भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांना काही आठवड्यांचंही मिळतं, ती सवलत तुमच्या वाट्याला सहजी येणार नाही. पण निवड झालेल्या उमेदवाराला पुढच्या वेळेसाठी यादीत ठेवण्याची विनंती करता येते. मुलगा दहा वर्षांचा असेल तेव्हाही दक्षिण सुदानला नर्स लागतील, दुर्दैवानं. मधल्या काळात इंग्रजी बोलणं पक्कं करा, जमलं तर फ्रेंच सुरू करा. काँगो, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक इथे फ्रेंचशिवाय अडतं आणि फ्रेंच येणाऱ्या भारतीय नर्स फार नाहीत. या कामाची चव देशात राहूनही घेता येते. एमएसएफनं मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर गोवंडीच्या परिसरात वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथेही तीच शिस्त, तेच आकडे, आणि घर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर.

पंधरा दिवसांत सरकारी रजा मंजूर होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तेव्हा आजच संस्थेला लिहून टाका की इच्छा आहे, पण रजेचा आदेश हातात आल्याशिवाय निघण्याची तारीख देता येणार नाही. मग पतींबरोबर बसा आणि "जा" या त्यांच्या शब्दाचा तपशील विचारा. पोराला रात्री ताप आला तर काय, शाळेच्या सहलीची सही कोण करणार, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कोण आणणार. या सगळ्यात सासूबाईंशी बोलणं रजेच्या अर्जाच्या आधी व्हायला हवं. आदेश दाखवून बोललात तर त्यांना फक्त कळवल्यासारखं होईल.